अन्न आणि असात्म्य : लेखांक 6 – गव्हातील कोणते प्रथिन?

गहू मानवत नाही असा दाखला एखाद्या मुलाच्या नावावर एकदा चढला, म्हणजे घरातील पोळी, शिरा, शेवया यांच्यावर सरसकट जप्तीचा हुकूम सुटतो. परंतु दाण्यात शेकडो प्रथिने नांदत असता त्यांपैकी कोणत्या प्रथिनाने मुलाच्या अंगावर गांधी उठविल्या, याची चौकशी क्वचितच होते. ती का अगत्याची, हे कर्नाटकातील 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून कळते. तीत प्रौढांपैकी 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई प्रतिपिंडे सापडली, पण लक्षणांसह संभवनीय ॲलर्जी अवघ्या 1.2 टक्क्यांत, आणि 2020 च्या शाळकरी मुलांच्या पाहणीत तर भारतातील हे प्रमाण 0.14 टक्के भरले. म्हणजे रक्ताचा कागद होकार देतो आणि मूल पोळी खाऊन खुशाल खेळते. गहू हेही शेवटी तृणच असल्यामुळे, बंगळुरात गवताच्या परागाने शिंकणाऱ्या मुलाची प्रतिपिंडे गव्हातील प्रोफिलिन नामक तशाच घडणीच्या प्रथिनाला चिकटतात. ते प्रथिन पोटात सहज पचून जाते, ही गोष्ट कागदावर उमटत नाही.

गव्हातील प्रथिनांची पहिली व्यवस्थित वर्गवारी अमेरिकेतील ऑस्बर्न याने 1907 साली ग्रंथरूपाने मांडली. साध्या पाण्यात विरघळतात ती ॲल्ब्युमिने, मिठाच्या पाण्यात उतरतात ती ग्लोब्युलिने, सुमारे 70 टक्के मद्यार्कात येतात ती ग्लायाडिने, आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीवाचून जी हलत नाहीत ती ग्लूटेनिने. आजचे संशोधक हे अर्क जेलीच्या पातळ पाटीवर ठेवून वीज सोडतात. हलकी प्रथिने पुढे पळतात, जड मागे रखडतात, आणि हा सारा पट एका पडद्यावर उतरवून मुलाच्या रक्तद्रवात भिजविला, की जेथे प्रतिपिंडे चिकटली तेवढेच पट्टे रसायनाने ठळक होतात. तो पट्टा कापून, त्याचे तुकडे पाडून, रेणूंचे वजन करणाऱ्या यंत्रात घातले म्हणजे प्रथिनाचे नाव हाती येते. अशा रीतीने ओळख पटलेली काही प्रथिने अशी. सुमारे 9 हजार डाल्टन वजनाचे मेदवाहक प्रथिन, उष्णतेला व जठररसाला दाद न देणारे. 15 हजारांच्या आसपास अमायलेज-रोधकांचा गट. आणि 65 हजारांच्या सुमारास ओमेगा-5 ग्लायाडिन.

या शेवटच्याचा दाखला फिनलंडमधील आहे. 2001 साली तेथे गव्हाची ॲलर्जी असल्याचा संशय असलेल्या 40 मुलांना देखरेखीखाली गहू चारला असता 19 जणांना तत्काळ त्रास झाला व त्यांतील 16 जणांत ओमेगा-5 ग्लायाडिनविरुद्ध प्रतिपिंडे होती. ज्यांना त्रास उशिरा झाला किंवा झालाच नाही, त्यांपैकी एकातही नव्हती. इतर देशांतील निकाल इतके नेटके आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय त्वचेवर टोचून करावयाच्या चाचणीचे बाजारी अर्क बहुधा क्षारजलात काढलेले असल्याने त्यांत ग्लायाडिने अपुरी उतरतात. सबब त्या चाचणीचा नकारही आंधळेपणाने मानता येत नाही.

ज्या थोड्या मुलांना ही व्याधी खरोखर आहे, त्यांच्या आईबापांची बंगळुरात पंचाईत होते. इडली म्हणजे तांदूळ, अशी समजूत. परंतु दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम्सने रव्याची इडली काढली असे सांगतात, आणि ती गव्हाचीच. निरुपद्रवी वाटणाऱ्या सांबाराच्या फोडणीतील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. 2020 च्या लेबलविषयक नियमांनी वेष्टनावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला खरा. उपाहारगृहातील वाटीला वेष्टन नसते, तेव्हा तेथे विचारूनच घ्यावे.

अंतिम फैसला डॉक्टरांच्या देखरेखीखाली चारून पाहण्याच्या परीक्षेचाच. ती घरी करू नये. आणि एकदा बंद केलेला गहू जन्मभर बंदच राहतो असेही नाही. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या 2009 च्या अभ्यासात वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सुमारे 65 टक्के मुलांची ही ॲलर्जी ओसरली होती, म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणी अवश्य करून घ्यावी. सीलिॲक हा निराळा आजार. त्याचा विचार पुढील लेखांकी.