नेव्ह : चर्चमधील नौका

कार्ल्याच्या लेण्यांवरील जुनी इंग्रजी पुस्तके चाळताना ‘नेव्ह’ हा शब्द वारंवार भेटतो. जेम्स फर्ग्युसनने एकोणिसाव्या शतकात तेथील चैत्यगृहाची तुलना प्राचीन ख्रिस्ती चर्चशी केली आणि मधल्या लांब दालनाला चर्चच्याच परिभाषेतील ही संज्ञा लावली. चर्चमध्ये दारापासून वेदीच्या अलीकडेपर्यंत पसरलेला, भाविकांनी बसावयाचा जो मुख्य भाग, तो नेव्ह.

इंग्रजी कोशात मात्र या अक्षरांचे दोन शब्द सापडतात. एकाचा अर्थ चाकाचा तुंबा; तो आपल्या ‘नाभी’चा भाऊबंद. चर्चचा नेव्हही मधोमध असतो, तेव्हा तीही नाभीच, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. ती चुकीची ठरली. चर्चचा शब्द लॅटिन ‘नाविस’, म्हणजे जहाज, यावरून आला. नाविस आणि संस्कृत ‘नौ’ एकाच मुळाची. म्हणजे नेव्हचे नाते आपल्या नावेशी! जर्मनांनी तर लॅटिन शब्द न घेता आपला ‘शिफ’, म्हणजे जहाजच, या दालनाला बहाल केला.

पण देवघराला जहाज का म्हणावे? छताच्या कमानी उपड्या गलबतासारख्या दिसतात म्हणून, असे वाटाडे सांगतात. आम्हांला ते पटत नाही. रोममधील पाचव्या शतकातल्या सांता साबिना चर्चचे लाकडी छत सपाट आहे. आणि जहाजाची कल्पना त्याहूनही जुनी. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियनने लाटांत सापडलेल्या शिष्यांच्या होडीत ख्रिस्तसंघाचे रूप पाहिले. चौथ्या शतकातील ‘अपोस्टोलिक कॉन्स्टिट्यूशन्स’ या ग्रंथात तर स्पष्टच आज्ञा आहे: इमारत लांबट व पूर्वाभिमुख असावी, म्हणजे ती जहाजासारखी होईल, बिशप तिचा तांडेल आणि सेवक खलाशी. छताचा तेथे प्रश्नच नाही. साम्य लांबट आकाराचे आणि प्रवासाचे आहे.

नेव्हच्या बाजूच्या पट्ट्यांना ‘आइल’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख, यावरून आलेला. त्यातला न उच्चारला जाणारा ‘एस’ बेटवाचक इंग्रजी शब्दाशी झालेल्या घोटाळ्यामुळे शिरला.

पोर्तुगीज भाषेत चर्चचे हे दालन आणि जहाज या दोहोंना आजही ‘नाव्ह’ हा एकच शब्द चालतो. जुन्या गोव्यात १६०५ साली अभिषेक झालेल्या बॉम जेझूमध्ये अशी एकच नाव आहे. समोरच्या से कॅथेड्रलमध्ये खांबांच्या दोन रांगांनी तिच्या तीन झाल्या आहेत.