‘डिस्प्ले येत नाही’, मग बघायचं कुठे?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. ज्या डेस्कटॉपमध्ये हे नाही, ते ऑफिसांतून निघून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात आणि तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या टेबलावर. लिनक्स टाकलं तर अशी मशीन्स आणखी काही वर्षं उत्तम काम देतात. पण घरी आणून बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला, की निकाल लगेच लागतो : ‘बोर्ड गेला.’

हा निकाल अनेकदा घाईचा असतो. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत संगणक ठरलेल्या क्रमानं पायऱ्या चढतो. आधीची पार पडल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. तो कुठवर येऊन थांबला हे कळलं, की संशयितांची यादी एकदम छोटी होते.

पहिली पायरी विजेची. बटण दाबलं की एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावले की एसएमपीएस मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाचा संकेत देतो. एटीएक्स मानकानुसार त्याला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो, कारण डळमळत्या व्होल्टेजवर त्याची आकडेमोड चुकेल. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला फक्त पाच टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. पंखा त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवरही फिरतो. त्यामुळे पंखा फिरतोय म्हणून वीज ठीक आहे, असं धरता येत नाही. शिवाय प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर असते. ती वाहतुकीत सैल झाली असेल, तर पंखे जोरात फिरतात आणि पुढे काहीच घडत नाही.

काही मशीन्स पहिल्यांदा बटण दाबल्यावर दाद देत नाहीत, दोन-तीन प्रयत्नांनंतर चालू होतात आणि मग दिवसभर नीट चालतात. अशा वेळी संशय कपॅसिटरवर घ्यावा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आटतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज गुळगुळीत ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. थंड असताना हा रोध आणखी जास्त असतो, म्हणून थोडं तापल्यावर मशीन सुरू होतं. तापमान दहा अंशांनी घटलं की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. जुन्या मशीनमधली धूळ काढणं म्हणूनच महत्त्वाचं. मदरबोर्डवरचा एखादा कपॅसिटर माथ्यावर फुगलेला किंवा पाझरलेला असेल, तर तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह आत एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टवर साठतो आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकून राहतो.

वीज ठीक असेल तर पुढची पायरी रॅमची. सुरुवातीला प्रोसेसर बायोसच्या चिपमधला प्रोग्रॅम चालवतो, पण तेव्हा रॅम वापरायला तयार नसते. म्हणून तो आपल्याच पोटातल्या छोट्या कॅश स्मृतीवर काम भागवतो आणि रॅमची जुळवणी करतो. इथे अडलं तर पडद्यावर काही लिहिण्याइतकीही तयारी झालेली नसते. म्हणूनच १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चूक कळवण्यासाठी बीपचा आवाज वापरला गेला. आजच्या अनेक ऑफिस मशीन्सवर त्याऐवजी पॉवरचा दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकतो. त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

यातून एक सुंदर चाचणी निघते. वायर काढा, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्या, सगळी रॅम काढा आणि मशीन चालू करा. बीप आला किंवा दिव्यानं रॅमची तक्रार केली, तर प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा बराचसा भाग जिवंत आहे. मग एकेक पट्टी एकेका खाचेत लावून पाहायची. डीडीआर३ च्या पट्टीला २४० आणि डीडीआर४ च्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात. सोन्याला गंज चढत नाही, पण मुलामा इतका पातळ असतो की सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूवर दमट हवेचा परिणाम होतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे जास्तच. पट्टी काढून पुन्हा दाबून बसवली की संपर्क एकमेकांवर घासतात आणि मळाचा थर फाटतो. नुसती पट्टी काढून लावल्यावर मशीन चालू होण्यामागचं कारण बहुधा हेच. खोडरबरानं मुलामा झिजू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

मॉनिटरची वायरही तपासावी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर त्या कार्डालाच जोडायची. आय५ ९४००एफ सारख्या ‘एफ’ अक्षराच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोयच नसते; तिथे बोर्डाच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही.

चित्र आलं पण विंडोज चढत नसेल, तर आधी तारीख पाहा. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. त्याच्या जोरावर एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तोच घड्याळाचा सेकंद. सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध दिसू लागतात. अनेक बोर्डांवर सेटिंगही मूळपदावर येतात. डिस्क कोणत्या पद्धतीनं वाचायची हे सेटिंग बदललं, तर धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवतं. तेव्हा नवी डिस्क विकत घेण्याआधी सेल बदलून ते सेटिंग पाहावं.

या सगळ्या तपासणीत एक शिस्त पाळायची : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. रॅम आणि एसएमपीएस एकदम बदलले आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगला भागही अडगळीत जातो. शेवटी बोर्ड खरंच निकामी निघाला, तरी रॅम, डिस्क आणि प्रोसेसर दुसऱ्या मशीनला उपयोगी पडतात. उरलेलं भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राला द्यावं, कारण जुन्या बोर्डांत शिशासारखे घातक धातू असतात.

शाळांनी असं एखादं बंद मशीन प्रयोगशाळेत मुद्दाम ठेवावं. अंदाज बांधणं, तो खोटा ठरेल अशी चाचणी आखणं आणि निकाल पाहून अंदाज बदलणं, हे पुस्तकातून शिकवायला अवघड आहे. एक स्क्रू ड्रायव्हर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि एक वही दिली, तर नववीची मुलं ते एका दुपारी करून दाखवतील.