शक्तिमानची दुसरी खेप

दूरदर्शनने 'शक्तिमान' ही मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली ती १ एप्रिल २०२० रोजी. तारीख एप्रिलची पहिली असली तरी ती थाप नव्हती. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. २८ मार्चपासून 'रामायण' सुरू झाले होते, पाठोपाठ 'महाभारत' आले होते, आणि घरोघरची वडीलधारी मंडळी तीस वर्षांपूर्वीच्याच भक्तिभावाने दूरचित्रवाणीपुढे मांडी ठोकून बसू लागली होती. मी मात्र दुपारी एक वाजण्याची वाट पाहत असे. सकाळी संगणकासमोर बसून विद्यार्थ्यांना मर्ढेकर समजावून द्यायचे आणि एकला पाच कमी असताना तास आटोपून बैठकीत धाव घ्यायची, असा माझा नित्यक्रम ठरून गेला. मराठीच्या प्राध्यापिकेने हे छापून सांगावे की नाही हा प्रश्न आहे. पण दिवाळी अंकात माणूस थोडे मोकळे बोलतो.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ती प्रथम सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ रोजी आणि २००५ च्या मार्चपर्यंत चालली. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे आगगाडीएवढे नाव धारण करणारा, पुढे आलेल्या दातांचा, चापून तेल लावलेला एक बावळट छायाचित्रकार एका वर्तमानपत्रात काम करतो. संकट आले की हाच गृहस्थ भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि शक्तिमान होतो. किरमिजी पोशाख, छातीवर सोनेरी चक्र, आणि आकाशात उड्डाण. सूर्यांशी नावाच्या योग्यांनी त्याला घडवलेले, कुंडलिनी जागी झालेली, पंचमहाभूतांचे बळ पाठीशी. दोन्ही भूमिका मुकेश खन्ना यांच्या. 'महाभारता'तले भीष्म ते हेच, आणि गंमत अशी की त्यांच्याविरुद्ध उभा ठाकणारा अंधाराचा अधिपती किल्विष म्हणजे सुरेंद्र पाल, 'महाभारता'तले द्रोणाचार्य! कुरुक्षेत्रावर एकाच बाजूने लढलेले दोन म्हातारे येथे एकमेकांच्या जिवावर उठले होते.

मी तेव्हा नववीत होते. त्याआधीही आमच्या पिढीला अंतराळ अगदीच अनोळखी नव्हते. १९८९ साली 'स्पेस सिटी सिग्मा' आली, तेव्हा मी सहा वर्षांची. तिच्यातल्या मुखवट्यांची भीती तेवढी आठवते. 'शक्तिमान'नंतर वर्षभरातच केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला, मिलिंद सोमण त्यात नायक होता, आणि आमच्या वर्गातल्या मुलींना विज्ञानात एकाएकी रस वाटू लागला त्याचे कारण केवळ विज्ञान नव्हते. पण व्योम लांब होता, कुठल्याशा पुढच्या शतकातला. शक्तिमान शेजारच्या गल्लीत येऊ शकत होता.

तो खरोखरच येईल असे काही मुलांना वाटले, आणि तेथेच प्रकरण गंभीर झाले. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःच्या जिवाशी खेळ केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. त्यांतल्या काहींचे खरेखोटे पुढे वादात सापडले. पण आईला खरेखोटे पाहण्याची सवड नव्हती. धाकटा भाऊ सात वर्षांचा होता आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. तिने त्याच दिवशी मालिका बंद केली. रविवारी दुपारी बाराला दूरचित्रवाणीवर क्रोशाचे आच्छादन पडे आणि आई त्यावर गणपतीची पितळी मूर्ती ठेवी. गणपती हलवून शक्तिमान पाहण्याची आमच्यात कोणाची छाती नव्हती. मग आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन पाहू लागलो, हे आईला माहीत होते असे ती आता सांगते. तिसऱ्या मजल्यापेक्षा तळमजला बरा, एवढाच तिचा हिशेब होता.

मालिकेच्या निर्मात्यांनाही या बातम्यांची दखल घ्यावी लागली. शक्तिमान स्वतः पडद्यावर येऊन मुलांना बजावू लागला की माझे अनुकरण करू नका. भागाच्या शेवटी छोट्या-छोट्या शिकवणुकीचा एक तुकडाही असे: कोणी हात न धुता जेवतो, कोणी कचरा रस्त्यात टाकतो, कोणी खोटे बोलतो, शक्तिमान प्रकट होऊन कान उपटतो आणि मूल त्याची क्षमा मागते. हा तुकडा लागला की आम्ही पांगत असू. २०२० साली मात्र तोच भाग मी कान देऊन ऐकला. बाहेर जग साबणाने वीस सेकंद हात कसे धुवावेत याचे धडे घेत होते, आणि आत तेवीस वर्षांपूर्वीचा शक्तिमान तेच सांगत होता. सबंध मालिकेत काळाच्या कसोटीला पुरेपूर उतरलेली बाब कोणती म्हणाल तर ही, आणि ती तर आम्ही त्या काळी पाहिलीच नव्हती.

आता या दुसऱ्या खेपेचे मुख्य प्रेक्षक. आई मार्चमध्ये आमच्याकडे आली ती टाळेबंदीमुळे येथेच राहिली. चिरंजीव नऊ वर्षांचे. पहिल्याच दिवशी शक्तिमानने आकाशात झेप घेतली, मी श्वास रोखला, आणि चिरंजीव म्हणाले, "आई, त्याच्याभोवती निळी कड दिसतेय."

दिसत होतीच. आमच्या जुन्या संचावर, अँटेनाच्या मुंग्यांतून, ती कधी दिसली नव्हती. नव्या मोठ्या पडद्यावर लपायला जागा नव्हती. मला क्षणभर रागच आला. पण पोरगे तेवढ्यावर थांबणारे नव्हते. निळी का, लाल का नाही? मग दोघांनी बसून शोध घेतला. युक्ती सोपी आहे. एकरंगी निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करायचे, मग त्या चित्रातून तो रंग तेवढा वगळून त्या जागी आकाश बसवायचे. निळा-हिरवाच का, तर माणसाच्या कातडीशी हे रंग सर्वांत कमी जुळतात. वगळताना केसांच्या आणि कपड्यांच्या कडेला थोडा रंग चिकटून राहतो, तीच ती कड.

दुसऱ्या दिवशी आईची जुनी हिरवी इरकल बैठकीच्या भिंतीवर लटकली. चिरंजीव जेवणाच्या टेबलावर पालथे पडले, हात पुढे ताणले, मी मोबाइलवर चित्रण केले, आणि संध्याकाळपर्यंत आमचा मुलगा रामकुंडावरून उडत गेला. मग आजीलाही उडवायचे ठरले. नको-नको म्हणत ती तयार झाली. चित्र पाहतो तो काय, आजीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या नाहीशा झाल्या आहेत आणि मनगटाच्या जागी दोन्हीकडे गोदावरी वाहते आहे! आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि त्या दिवसांत ठसका लागणे म्हणजे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहणे.

नाशिककरांना खरे म्हणजे या उडण्याचे नवल वाटायला नको. माणसाला पडद्यावर उडवण्याची विद्या आमच्या गावच्या पाण्यातच आहे. दादासाहेब फाळके जन्मले येथून जवळ त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्ये त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलवला, आणि १९१७ च्या 'लंकादहना'त त्यांचा मारुती आकाशात उडाला. त्याची कड दिसत होती की नाही हे पाहणारे आता कोणी उरले नाही. पाहणारे हात जोडून बसत असत. फाळके आरंभी जादूचे खेळही करीत, 'प्रोफेसर केळफा' या नावाने; फाळके उलटे केले की केळफा. मला मात्र त्यांची आणखी एक कृती फार महत्त्वाची वाटते. हरिश्चंद्राच्याही आधी, १९१२ साली, भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला, आणि एकेक चित्र टिपत अंकुराची वाढ दाखवणारी छोटी फिल्म तयार केली. दिवसांचे काम पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत होताना दिसले. देव नाही, राक्षस नाही, नुसता वाटाणा. तरीही लोक थक्क झाले, आणि पैसे मिळाले.

मारुती आणि वाटाणा या फाळक्यांच्या दोन्ही लेकी-सुना आहेत असे मी वर्गात सांगते. 'शक्तिमान' उघडच मारुतीच्या घरची. तिला विज्ञानमालिका म्हणतात, पण पुन्हा पाहताना ध्यानात येते की तिच्यात विज्ञान आहे ते बहुतेक खलनायकाच्या प्रयोगशाळेत. ललित परिमू यांनी रंगवलेला डॉक्टर जॅकाल हा तिच्यातला ठळक शास्त्रज्ञ, आणि तो विक्षिप्त, सत्तेसाठी हपापलेला. नायकाची सारी शक्ती ध्यानातून येते, खलनायकाची परीक्षानळीतून. नववीत हे खटकले नव्हते. लसीची वाट पाहत घरात बसलेल्या २०२० सालात खटकले.

वाटाण्याच्या घरचे आमच्या भाषेत जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून बेतलेले नाव, केळफांचीच युक्ती! कथेला पहिले बक्षीस मिळाले. नारळीकरांच्या कथांत संकट येते ते निसर्गनियमाला धरून, आणि निवारण करायचे तर तेही नियमाला धरूनच. कोणी गरगर फिरून येत नाही. 'यक्षांची देणगी' मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतात की 'शक्तिमान' अधिक आवडतो. मीही प्रामाणिकपणे सांगते की मला दोन्ही आवडतात, पण विहिरीत पडले तर मी कोणाला हाक मारीन आणि विहिरीला कठडा कोणाकडून बांधून घेईन, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

त्या मे महिन्यात हा विचार नुसता वर्गातला राहिला नाही. आमचे घर मुंबई-आग्रा महामार्गापासून फार दूर नाही. कसारा घाट चढून आलेले मजूर त्या रस्त्याने उत्तरेकडे चालले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत फाटक्या चपला. १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे मजुरांची खास गाडी सुटली, पण चालणारे त्यानंतरही कित्येक दिवस चालतच होते. सोसायटीतल्या बायका पोळी-भाजीची पुडकी करीत, तरुण मुले ती रस्त्यावर नेऊन देत. दुपारी एकला, ऐन उन्हात, पडद्यावर शक्तिमान संकटात सापडलेल्यांना उचलून सुखरूप जागी ठेवी. चिरंजीवांनी एकदा आवाज बंद केला आणि म्हणाले, "आजी, आपण आणखी पोळ्या करायच्या का?" मालिका तशीच मुकी चालू राहिली. त्या दिवशी काय घडले ते मला अजून माहीत नाही.

पुढच्या वर्षी, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब उतरला, आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. गावातली एकेक गल्ली त्या दिवशी गप्प होती. तेथे हवी होती ती वेळेवर तपासलेली एक झडप.

एवढे म्हणूनही मालिका मला का आवडली, आणि पुन्हा पाहतानाही का आवडली, याचे उत्तर द्यायला हवे. उड्डाणे आता बालिश दिसतात, मारामाऱ्या लांबतात, किल्विषच्या गुहेतला धूर पाहून नाट्यसंमेलनाची आठवण होते. टिकून आहे तो गंगाधर. बावळटपणाचे सोंग घेतलेला बलवान हा आपल्या मातीतला जुना बहुरूपी आहे. बृहन्नडेपासून त्याची परंपरा. मुकेश खन्नांनी शक्तिमान ताठ उभा राहून केला, पण गंगाधर मात्र अंगात मुरवून केला. आणि टिकून आहे ती गीता विश्वास. आरंभी किटू गिडवानी, नंतर वैष्णवी महंत. चेहरा बदलला तरी आम्ही मुलींनी तक्रार केली नाही, कारण आम्हांला हवी होती ती तिची नोकरी. बातमीसाठी भलत्या वेळी भलत्या ठिकाणी जाणारी, प्रश्न विचारणारी, उडता न येणारी बाई. १९९७ साली नाशकात नववीतल्या मुलीला अशी बाई पडद्यावर दिसणे ही लहान गोष्ट नव्हती. आता पाहताना कळते की तिच्या वाट्याला संकटात सापडणेच फार आले आहे. तरी जेव्हा ती वही-पेन्सिल काढते, तेव्हा किल्विषची खबर शक्तिमानपेक्षा तिलाच आधी लागेल असे वाटत राहते.

२०२१ च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन नाशकात भरले, महामारीमुळे पुढे ढकलले गेलेले. अध्यक्ष होते नारळीकर, पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मंडपात मुखपट्ट्या बांधून आम्ही बसलो होतो. चिरंजीवांनी ग्रंथदालनातून त्यांची 'व्हायरस' ही कादंबरी उचलली. नाव पाहून त्यांना ती करोनावर वाटली. ती १९९६ सालची, संगणकातल्या विषाणूची निघाली. थोडा हिरमोड झाला, मग वाचून काढली. नारळीकर गेले ते २० मे २०२५ रोजी, पुण्यात.

शक्तिमान अजून जाण्याचे नाव घेत नाही. २०२२ साली मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात मुकेश खन्नांनी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तोच पोशाख चढवून पुनरागमनाची झलक दाखवली. आईने ती पाहून "पोट आत घ्या म्हणावं" एवढेच म्हटले. चिरंजीवांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन कड शोधली. मला विचाराल तर नव्या चित्रपटात गीता विश्वासला भरपूर काम द्यावे. शक्तिमान काय, उडेलच.