पहाटेची मॅच आणि मक्याच्या मुलखातल्या मुली



दर अंकात या पानावर मी आपल्याला बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा असेच काही सांगत असतो. या वेळी संपादक म्हणाले, "साहेब, दिवाळी अंक आहे, उसाशिवाय काहीतरी लिहा." उसाशिवाय आपल्याला काय येते, असा मला प्रश्न पडला. तेव्हा आमच्या गट ऑफिसातला चिटबॉय हसत म्हणाला, "ती तुमची पहाटेची मॅच लिहा की." म्हणून हा लेख. शेवटी रोपवाटिकेबद्दल एक खुलासा करायचा आहे. मॅचमध्ये गोडी नसलेल्यांनी निदान तेवढा भाग वाचावा.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स या गावी मक्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. आपण उसापासून साखर आणि इथेनॉल काढतो, ते लोक मक्यापासून गोड पाक आणि इथेनॉल काढतात. म्हणजे धंद्याने आपले भाऊबंदच. अमेरिकेत सर्वांत जास्त मका आणि सर्वांत जास्त इथेनॉल याच आयोवात होते. सपाट काळी जमीन, लांब लांब शेते, मध्येच धान्याचे उंच कोठार आणि चारदोनशे वस्तीचे गाव, असा तो मुलूख असल्याचे भाचा सांगतो.

२०२३ च्या १ एप्रिलची सकाळ. आपल्याकडे हंगाम संपत आलेला, राहिलेल्या नोंदींचा हिशेब लागत नव्हता, म्हणून मी सातलाच गट ऑफिसात येऊन बसलो होतो. बहिणीच्या औषधाचे विचारायला भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, तर तो म्हणतो, "मामा, थांबा, मॅच चालू आहे." आणि त्याने फोनच टीव्हीसमोर ठेवून दिला. पाहतो तो मुलींचा बास्केटबॉल. एका बाजूला आयोवा विद्यापीठाचा संघ, दुसऱ्या बाजूला त्या हंगामात एकही सामना न हरलेला साउथ कॅरोलायनाचा संघ. आयोवाची बावीस नंबरची मुलगी, केटलिन क्लार्क तिचे नाव, चेंडू टप्पे देत येते आणि अजून कोणी अंगावर आले नाही तोच लांबून फेकते. त्या खेळात अर्धवर्तुळाची एक रेघ असते, बावीस फुटांहून थोडी जास्त लांब. तिच्याबाहेरून चेंडू पडला तर दोनाऐवजी तीन गुण. ही पोरगी त्या रेघेच्याही कितीतरी मागून फेकत होती. त्या सामन्यात तिने एकटीने ४१ गुण केले आणि आयोवा ७७-७३ असा जिंकला. औषधाचे विचारायचे राहूनच गेले. बहिणीची बोलणी खाल्ली ती वेगळी.

दोनच दिवसांनी अंतिम सामना होता. आपल्या घड्याळात रात्रीचे साडेबारा. लुइझियानाच्या संघाने १०२-८५ असे आयोवाला हरवले. मला झोप आली नाही. ज्या गावी मी गेलो नाही आणि बहुधा जाणारही नाही, त्या गावच्या मुली हरल्या म्हणून पंचेचाळिशीचा माणूस अंथरुणावर उठून बसतो, याचे सौ.ना हसू आले. मलाही सकाळी आले. पण तेव्हापासून आजवर त्यांचा क्वचितच एखादा सामना माझ्या हातून सुटला असेल.

यात एक सोयही आहे. त्यांचा हंगाम आणि आपला गळीत हंगाम जवळजवळ एकच. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे सामने सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतात. आपण मोळी टाकतो तेव्हा त्यांचा पहिला चेंडू पडतो, आपला पट्टा पडतो तेव्हा त्यांचाही. त्यांचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेअकरा तास मागे. त्यांचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे सकाळी साडेसहाला. म्हणजे तोडणीच्या टोळ्या फडात उतरल्या, गाडीवानांच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या, की चहा घेत घेत मॅच. घरी असेन तर भाच्याचा व्हिडिओ कॉल. जीपमध्ये असेन तर तिकडच्या रेडिओचे धावते वर्णन मोबाईलवर. सुरुवातीला त्यांचे इंग्रजी चारआणेच कळायचे. आता आवाजाच्या चढावरूनच कळते, चेंडू जाळीत गेला की रिंगवर आपटून बाहेर आला.

भाच्याने पुढे जे सांगितले आणि मी जे शोधून वाचले, ते आपल्यासारख्या शेतकऱ्यांना ऐकण्याजोगे आहे. मुलींचा बास्केटबॉल हे त्या राज्यातले शहरी फॅड नव्हे, तो खेड्यांनी वाढवलेला खेळ आहे. शाळेच्या मुलींची पहिली राज्य स्पर्धा १९२० साली झाली. पुढे मोठ्या शहरांच्या शाळांना वाटू लागले की मुलींनी असे चारचौघांत सामने खेळणे बरे नाही, हे बंद करावे. १९२५ साली लहान गावांच्या शाळा त्या मंडळींपासून वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलींच्या खेळांची स्वतंत्र संघटना उभी केली. शहाणी माणसे नको म्हणत होती आणि मका पिकवणारी गावे हटून बसली. आपल्या भागात सहकाराची सुरुवात कशी झाली, हे वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या खेळाची रीतही वेगळी होती. एका संघात पाचऐवजी सहा मुली. तिघी एका अर्ध्या मैदानात, तिघी दुसऱ्या. मधली रेघ ओलांडायची नाही. पुढच्या तिघींनीच गुण करायचे, मागच्या तिघींनी फक्त राखण करायची आणि चेंडू पुढे पोचवायचा. चेंडूला टप्पे दोनच. मुलींना दम लागेल, या समजुतीतून असले नियम आले होते. दम कोणाचा कमी पडत होता ते १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात दिसले. युनियन-विटन आणि एव्हर्ली, दोन्ही खेडेगावच्या शाळा. जादा वेळ द्यावा लागला आणि निकाल ११३-१०७. युनियन-विटनच्या डेनिस लाँगने ६४ गुण केले, हरलेल्या बाजूच्या जिनेट ओल्सनने ७६! पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या धंदेवाईक संघाने डेनिसचे नाव आपल्या निवडयादीत पुकारले. वरच्यांनी ते रद्द केले, हा भाग निराळा. सहा मुलींचा हा खेळ आयोवाच्या शाळांत १९९३ पर्यंत टिकला. आयोवा विद्यापीठाच्या संघाची सूत्रे मे २०२४ पासून ज्यांच्याकडे आली, त्या जॅन जेन्सनबाई शाळेत असताना हाच खेळ खेळल्या आणि शेवटच्या वर्षी त्यांनी सामन्यामागे सरासरी ६६ गुण केले. त्यांची आजीही शंभर वर्षांपूर्वी ऑडुबॉन गावच्या शाळेतून खेळलेली.

मधली रेघ ओलांडायची नाही, हे वाचताना मला एक गोष्ट टोचली होती. ती पुढे सांगतो.

१९८५ साली त्या राज्यातल्या शेतकऱ्यांवर फार वाईट वेळ आली होती. जमिनीचे भाव कोसळले, कर्जे फिटेनात, बँकांनी शेते लिलावात काढली. त्याच वर्षी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या शिरस्त्राणावर तीन इंग्रजी अक्षरे चिकटवली गेली. त्यांचा अर्थ, अमेरिकेला शेतकरी हवा आहे. ती अक्षरे पुढेही राहिली. आणि त्याच १९८५ च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्ध आयोवाच्या मुलींचा सामना पाहायला २२,१५७ माणसे त्या कार्व्हर-हॉकआय हॉलमध्ये घुसली. आता तो हॉल पंधरा हजारांच्या आसपास बसवतो, म्हणजे त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांवर माणूस असणार. ज्यांच्या शेतावर जप्तीची नोटीस होती त्यातले किती तिथे बसले होते, कोण जाणे. पण मला ते पटते. आपल्याकडे उसाला भाव नसलेल्या सालीसुद्धा जत्रेतला कुस्तीचा फड कधी रिकामा राहिला आहे का?

आता गर्दीचे सांगायचे तर २०२३ च्या ऑक्टोबरची १५ तारीख सांगितली पाहिजे. त्या दिवशी मुलींचा सराव सामना त्यांनी हॉल सोडून फुटबॉलच्या उघड्या मैदानात मांडला. थंड वारा सुटलेला, आणि माणसे आली ५५,६४६. भाचा बायकोला घेऊन गेला होता. त्याच्या पुढच्या रांगेत एक सत्तरीच्या आजी गुडघ्यावर घोंगडी घेऊन, शेजारी आठ-नऊ वर्षांची नात, दोघींच्या अंगात बावीस नंबरचा सदरा. आजी नातीला प्रत्येक चेंडूचा अर्थ सांगत होत्या. त्या स्वतः सहा मुलींचा खेळ खेळलेल्या, मागच्या तिघींत, म्हणजे जन्मात एकही गुण न केलेल्या. भाच्याला त्यांनी विचारले, "तुमच्या देशात मुली खेळतात का?" तो म्हणाला, "खेळतात." मग फोनवर मला म्हणतो, "मामा, खेळतात ना हो?" मी म्हटले, हो, खेळतात की.

त्या हंगामात घरच्या सामन्यांची हंगामी तिकिटे आधीच खपलेली होती. पंधरा फेब्रुवारी २०२४ ला (आपली सोळाची सकाळ) क्लार्कला विद्यापीठांच्या मुलींच्या गुणांचा ३,५२७ चा विक्रम मोडायला आठ गुण हवे होते. सव्वादोन मिनिटांच्या आत तिने ते केले, शेवटचे तीन तर पार लांबून. त्या दिवशी तिचे एकूण ४९ गुण झाले. मी तेव्हा एका सभासदाच्या फडावर होतो. तोडणी थांबली होती, कारण ट्रॅक्टर रुतलेला, आणि मी मोबाईल कानाला लावून उड्या मारतोय. त्या सभासदाने मला काय समजले असेल ते असो. पुढे मार्चच्या ३ तारखेला पुरुषांचा ३,६६७ चा जुना विक्रमही मागे पडला. विद्यापीठ सोडताना तिच्या नावावर ३,९५१ गुण होते.

आणि तरी अजिंक्यपद नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयोवाने आधी लुइझियानाला ९४-८७ हरवून मागल्या वर्षाचे उट्टे काढले, मग कनेटिकटला ७१-६९, अगदी काठावर. आणि अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने ८७-७५ असे हरवले. टनेज चांगले, उतारा चांगला, आणि पहिल्या नंबरचे बक्षीस शेजारच्या गटाला, तसे झाले. मला वाटले होते, क्लार्क गेल्यावर माणसे पांगतील, मीही पांगेन. तसे घडले नाही. पुढल्या हंगामाचीही तिकिटे संपली. २०२५ च्या २ फेब्रुवारीला तिचा बावीस नंबर कायमचा हॉलच्या छताला टांगला, त्या दिवशी नव्या मुलींनी चौथ्या क्रमांकाच्या दक्षिण कॅलिफोर्नियाला ७६-६९ पाडले. मार्चमध्ये ओक्लाहोमाकडून ९६-६२ असा सपाटून मारही खाल्ला. तो सामना मी शेवटपर्यंत ऐकला. जिंकताना सगळेच ऐकतात.

आता रोपवाटिकेचा खुलासा.

आपल्या महाविद्यालयाच्या मागे सिमेंटचे बास्केटबॉलचे मैदान आहे. २०२१ साली एक डोळा पद्धतीची रोपे ट्रेमध्ये करायला सपाट, पाण्याजवळची जागा हवी होती, तेव्हा त्या मैदानाचा एक भाग मी मागून घेतला. "एका आडसालीपुरता" असे माझ्याच अक्षरात लिहिलेले पत्र फायलीत आहे. आडसालीची रोपे संपली की पूर्वहंगामीची आली, ती उचलली की सुरूची. शेडनेटचे खांब रोवले ते रोवलेच. दुसऱ्या अर्ध्या भागात कॉलेजच्या मुली एका रिंगवर सराव करायच्या. मध्ये माझ्या ट्रेंची रांग. त्यांच्यातल्या एकीने मला एकदा विचारले होते, "साहेब, ही रोपं कधी निघायची?" मी म्हटले, "एवढी सुरू होऊ दे, पोरी." ती फक्त बरं म्हणाली. पुढच्या वर्षी ती शेवटच्या वर्गात होती, तेव्हा तिने विचारलेसुद्धा नाही. ती पास होऊन गेली. पूर्ण मैदानावर तिला एक दिवसही मी खेळू दिले नाही, आणि सकाळी सातला गट ऑफिसात बसून परक्या मुलखातल्या मुलींसाठी मी टाळ्या वाजवत होतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर ट्रे हलवले. खांब उपटलेली भोके सिमेंटने बुजवली. काही सभासदांनी तक्रार केली की आता रोपांसाठी दीड-दोन किलोमीटर जास्त जावे लागते, साहेबांनी हे कशासाठी केले. कशासाठी केले ते वर सांगितले आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी ऑफिसात येऊन जरूर भांडावे, मी सकाळी आठनंतर मोकळा असतो.

मुलींचा सराव संध्याकाळी पाचला असतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्या पहिल्याच फेरीत हरल्या. मी गेलो होतो. प्रेक्षकांत मी, चिटबॉय आणि त्यांच्या सरांसह सगळे मिळून नऊजण. एका मुलीचे वडील ऊसतोडीच्या गडबडीतून आले, हातात कोयता तसाच, आणि शेवटची पाच मिनिटे कठड्याशी उभे राहून पाहत होते. त्यांना नियम ठाऊक नव्हते. मी सांगत गेलो.

सुरू लागणीसाठी को ८६०३२ आणि फुले २६५ ची रोपे जानेवारीपासून जुन्या गोदामामागच्या नव्या रोपवाटिकेत मिळतील. मागणी गट ऑफिसात आगाऊ नोंदवावी. रिकामे ट्रे आठ दिवसांत परत आणून द्यावेत, कॉलेजच्या मैदानावर ठेवून जाऊ नयेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी