अमेरिकन फुटबॉलमधील वेगवान चढाई

अमेरिकेंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यांत पायांचें काम थोडें आणि हातांचेंच फार. दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू घेऊन पळावयाचें, अथवा तो पुढच्या सोबत्याकडे फेकावयाचा. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी. चढाई करणाऱ्यांस चार डाव मिळतात. तेवढ्यांत १० यार्ड सरकले तर पुन्हा चार, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. प्रत्येक डाव कांहीं सेकंदांतच आटोपतो. मग गडी डोक्याला डोकें लावून पुढची मसलत करतात. हिला हडल म्हणतात.

जुन्या पद्धतींत बहुतेक गडी चेंडूजवळ दाटीनें उभे राहात आणि अंगबळानें वाट काढीत. ‘स्प्रेड’ पद्धतीनें ही दाटीच मोडली. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी अधिक. तिच्या दोन्ही कडांपर्यंत चपळ गडी उभे केले, म्हणजे त्यांना राखण्यासाठीं प्रतिपक्षासही पांगावें लागतें आणि मधली फळी विरळ होते. आतां खरी गंमत पाहा. सूत्रधार गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, कांहीं पावलें मागें उभा असतो. बचावाच्या टोकाचा एक धिप्पाड गडी मुद्दाम अडवल्याविना मोकळा सोडतात. तो चेंडू नेणाऱ्या सोबत्यावर धांवला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःजवळच ठेवून त्याच्या सोडलेल्या जागेंतून पळतो; तो जागीं थांबला, तर चेंडू सोबत्यास देतो. त्यानें कांहींही केलें तरी तें चुकतेंच! अंगाला हातही न लावतां एक शत्रू बाद. या युक्तीचें श्रेय बहुधा रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकास देतात. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वेस्ट व्हर्जिनियांतील ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा कॉलेजांत त्यानें ती रूढ केली.

या मांडणीला वेगाची जोड मिळाली ती हडल वगळून. कॉलेजच्या खेळांत २००८ पासून दोन डावांमध्यें ४० सेकंदांची मुदत असते. वेगवान संघ तिचा निम्मा भागही वापरीत नाहींत. चढाईच्या पक्षानें गडी बदलला तर बचावालाही बदलण्यास अवसर द्यावा, असा नियम आहे. म्हणून हे संघ गडी बदलीतच नाहींत! मग तीनशे पौंडांचे बचावगडी धापा टाकीत जागींच अडकतात. ओरेगन विद्यापीठाच्या संघास डावांच्या खुणा कळाव्यात म्हणून मैदानाच्या कडेला चित्रांचे मोठमोठे फलक धरीत. चिप केली याच्या हाताखालीं २००९ ते २०१२ या काळांत तो संघ ५३ पैकीं ४६ सामने जिंकला. जानेवारी २०११ मधील अजिंक्यपदाचा सामना मात्र ऑबर्नशीं २२–१९ असा शेवटच्या क्षणीं गेला. आणि ऑबर्नही वेगवानच खेळणारा!

पण या वेगाला दुसरी धार आहे. डाव फसले, तर चेंडू मिनिटभरांत परत जातो आणि आपलेच बचावगडी विश्रांतीविना पुन्हा मैदानांत येतात. व्यावसायिक संघांत केलीला हेंच बाधलें असें मला वाटतें. २०१३ सालीं फिलाडेल्फियाच्या संघानें १६ पैकीं १० सामने जिंकले. पण डिसेंबर २०१५ मध्यें त्याला निरोप मिळाला.

याहून गंभीर प्रश्न देहाचा. दमलेला गडी नीट पवित्रा घेत नाहीं, आणि या खेळांत टक्कर डोक्याशींही होते. २०१४ च्या आरंभीं असा प्रस्ताव आला कीं, मुदतीचे पहिले दहा सेकंद जाईपर्यंत चेंडू खेळूं नये. अलाबामाचा नामांकित प्रशिक्षक निक सेबन या मताचा होता. विरोधकांनीं विचारलें, वेगामुळें दुखापती वाढतात याला पुरावा काय? तो पुढें आला नाहीं, आणि मार्चमध्यें प्रस्ताव मागें घेण्यांत आला. प्रश्न रास्त होता. पण पुरावा नाहीं म्हणून धोकाही नाहीं, असें मी तरी म्हणणार नाहीं. सेबननें मात्र त्याच वर्षीं लेन किफिन याला चढाईचा मुख्य नेमलें, आणि पुढें अलाबामाचा संघही हडल सोडून खेळूं लागला.