‘मला काही त्रास नाही’

आज आपण ज्ञानाच्या साधनांची, म्हणजे प्रमाणांची चर्चा जरा अवघड जागी नेणार आहोत, प्रोस्टेटच्या कॅन्सरकडे. पुरुष श्रोत्यांनी एवढ्यात चहाला उठू नये.

सकाळच्या फिरण्यानंतर कट्ट्यावर बसलो की साखर किती, बीपी किती, गुडघे बदलले का, हे आपण चढाओढीने सांगतो. लघवीचा विषय मात्र ‘वय झालं आता’ एवढ्यावर मिटतो. कुणी तपासणीचं नाव काढलंच तर ठरलेलं उत्तर येतं: ‘मला काही त्रास नाही.’ या साध्या वाक्यात एक अनुमान दडलेलं आहे. त्रास नाही, म्हणून रोग नाही.

डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण सर्वांना माहीत असतं. ते उलटं करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. हे उदाहरणही आपल्या परंपरेतलंच. कुमारिलभट्टांनी तर एखादी गोष्ट न आढळणं, अनुपलब्धी, हेच स्वतंत्र प्रमाण मानलं. पण त्याला अट आहे: ती गोष्ट असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, तर तो तिथे नाही. अंधारात दिसत नाही, यावरून काहीच ठरत नाही.

आता शरीर पाहू. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी, आणि लघवीची नळी तिच्यामधून जाते. वयाबरोबर ती फुगते ती मुख्यतः नळीभोवती. म्हणून धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. हा त्रास बहुतेक वेळा कॅन्सरचा नसतोच. (तरी दाखवून घ्यावा, आणि लघवीत रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात.) कॅन्सर मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो. तो नळी दाबत नाही, दुखत नाही. म्हणजे सुरुवातीच्या काळात ‘त्रास नाही’ हा अंधारातला घडा झाला. पुष्कळांना पहिली जाणीव होते ती रोग मणक्यात किंवा कमरेच्या हाडांत पोचल्यावर, आणि तेव्हाही आपण आधी बाम चोळतो.

उजेड थोडाफार मिळतो तो पीएसए नावाच्या रक्ततपासणीतून. अमेरिकेत तिला 1986 मध्ये रुग्णांवर देखरेखीसाठी आणि 1994 मध्ये रोग शोधण्यासाठी मान्यता मिळाली. दिवा मंद आहे, हे सांगायलाच हवं. साध्या फुगलेल्या ग्रंथीने किंवा जंतुसंसर्गाने आकडा वाढतो; आकडा कमी असूनही कधी रोग असतो. म्हणून एका आकड्यावर निकाल नाही. पुन्हा तपासणी, बोटाने तपासणी, एमआरआय, गरज पडली तर बायॉप्सी, असा क्रम असतो. बोटाच्या तपासणीला मिनिटभरही लागत नाही. तिची लाज मात्र आपण वर्षानुवर्षं बाळगतो.

पण खरी अडचण लाजेची नाही, असं आम्हाला वाटतं. ‘कळलं की कापाकापी आली’ ही भीती खरी. इथे ब्रिटनमधला प्रोटेक्ट हा अभ्यास पाहण्यासारखा आहे. ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसतं नियमित लक्ष ठेवणं. 2023 मध्ये 15 वर्षांचे निष्कर्ष आले. या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत मिळून 45, म्हणजे 3 टक्क्यांहून कमी. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना पुढे उपचार घ्यावे लागले, हेही खरं. पण विचाराला वेळ मिळाला. न तपासता थांबणं आणि तपासून थांबणं, दोन्हीला आपण ‘थांबू या’च म्हणतो, दुसऱ्यात दर काही महिन्यांनी पीएसए असतो, डॉक्टर असतो, बेत बदलायची मुभा असते.

आम्ही, म्हणजे हा आजार घेऊन जगणारे (व्याख्याताही त्यातलाच), त्याचे हप्ते भरतोच. शस्त्रक्रियेनंतर खोकताना लघवी गळते, शरीरसंबंधांवर परिणाम होतो; यावर बायकोशी बोलावं लागतं आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतरही ते जड जातं. पुरुषी संप्रेरक कमी केलं की हा कॅन्सर मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 चं नोबेल त्यांना मिळालं. संप्रेरक कमी करणारी इंजेक्शनं घेताना अंगातून वाफा निघतात, हाडं विरळ होतात. घरातल्या स्त्रियांनी पन्नाशीत काय सोसलं, ते आम्हाला तेव्हा कळतं.

तर पन्नाशी आली की डॉक्टरांशी हा विषय काढा. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीत. सत्तरी ओलांडलेल्यांनी, त्रास नसताना सरसकट तपासणी करावी की नाही, हे आपली एकूण प्रकृती बघून डॉक्टरांबरोबर ठरवावं; त्या वयात नको ते उपचार मागे लागण्याचा धोकाही असतो. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा, लघवीला जळजळ असेल तर आधी सांगा. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. 2.1 चा आकडा दोन वर्षांत 3.8 झाला, ही गोष्ट शेवटचा कागद एकटा सांगू शकत नाही.