बलुतें कीं पोस्त?

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अमेरिकेंतून लिहिलेल्या पत्रांत एक प्रसंग कळविला होता. उपाहारगृहांत जेवून त्यानें बिलाची रक्कम बरोबर मोजून दिली व तो उठला. तोंच वाढपी जवळ येऊन नम्रपणें म्हणाला, "माझ्याकडून कांहीं चूक झाली काय?" वडिलांचा पैसा वांचविल्याचें समाधान मानणारा तो मुलगा त्या प्रश्नानें ओशाळला.

सातारा-सांगलीकडील पुष्कळ मुलें आतां विद्येसाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातात. त्यांस भेटावयास आईबापही जातात. म्हणून बक्षिसीचा हा विषय समजून घेणें अगत्याचें आहे.

त्याची किल्ली आपल्याच गांवगाड्यांत सांपडते. पूर्वीं सुतार, लोहार, कुंभार, न्हावी इत्यादि बलुतेदारांस सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वांटा मिळे. त्या व्यवस्थेंत जातीची बेडी होती, हें विसरूं नये. परंतु तो वांटा म्हणजे भीक नव्हे, तर वर्षभराच्या कामाचा मोबदला होता. दिवाळीस गडीमाणसांस मिळणारी पोस्त मात्र धन्याच्या खुशीची. बलुतें हक्काचें, पोस्त खुशीची. परदेशांतील बक्षिसी या दोहोंपैकीं कोणती, हें आधीं ओळखावें.

अमेरिकेंत ती पोस्तीसारखी दिसते, पण असते बलुतें. तेथील मध्यवर्ती कायद्यानें किमान वेतन ताशीं ७.२५ डॉलर आहे; परंतु बक्षिसी मिळविणाऱ्या नोकरास धन्यानें ताशीं २.१३ डॉलर दिले तरी चालतें. उरलेली भर गिऱ्हाइकाच्या बक्षिसीनें पडावी, न पडल्यास धन्यानें घालावी, असा नियम आहे. २.१३ हा आंकडा १९९१ पासून बदललेला नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांत पूर्ण वेतन द्यावें लागतें; तरी बिलाच्या शेंकडा १५ ते २० देण्याची रूढि तेथेंही आहेच.

या रूढीमागें दुःखाचा इतिहास आहे. १८६५ सालीं यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांस पुलमन कंपनीनें आगगाडीच्या शयनगाड्यांवर तुटपुंज्या पगारानें नेमिलें, व उतारूंच्या बक्षिसीवर त्यांचा चरितार्थ सोंपविला. त्या नोकरांनीं १९२५ सालीं आपला संघ स्थापिला आणि १९३७ सालीं कंपनीस करार करावयास लाविलें.

जपानांत रीत अगदीं उलट. तेथें चोख काम करणें हेंच कर्तव्य मानितात. मेजावर विसरलेले पैसे समजून वाढपी ते परत देण्यास मागून धांवत येण्याचाही संभव असतो. फ्रान्समध्यें सेवेचें मूल्य कायद्यानें दरपत्रकांतील किंमतींतच धरलेलें असतें. वर दिलेलीं चार नाणीं ही खरी पोस्त. ब्रिटनमध्यें बिल वाचावें. सेवेची रक्कम अगोदरच धरलेली असल्यास पुन्हां देण्याचें कारण नाहीं. तेथें १ ऑक्टोबर २०२४ पासून अशी रक्कम धन्यानें स्वतःसाठीं न ठेवतां नोकरांस द्यावी, असा कायदा आहे.

तात्पर्य, निघण्यापूर्वीं त्या देशाची रीत विचारून घ्यावी. जेथें बक्षिसी हें बलुतें आहे, तेथें ती जेवणाच्या खर्चांतच धरावी. तेवढी ऐपत नसल्यास स्वस्त ठिकाणीं जेवावें, पण दुसऱ्याच्या मजुरींत काटकसर करूं नये. देतांना मिरवूं नये. आभाराचा शब्द मात्र अवश्य उच्चारावा.

आणि हा धडा परदेशासाठींच नव्हे. मिरज जंक्शनवर ओझें वाहणाऱ्या हमालाशीं दहा रुपयांसाठीं हुज्जत घालणारे आपण परदेशीं मात्र लाजेस्तव हात सैल सोडतों, हें शोभत नाहीं. मजुराचें वेतन अडवून ठेवणाऱ्यास याकोबाच्या पत्रांत कडक ताकीद दिलेली आहे. तिला देशाची सीमा नाहीं.